दुपारचे दुखणे

आराम मिळवण्यासाठी इतके कष्ट उपसलेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. ते माझे घरमालक. सगळी गल्ली त्यांना आबा म्हणत असे. एकोणीसशे पन्नासनंतरच्या दशकात वर्तमानपत्राचा वार्ताहर म्हणून मी तळोद्यात राहिलो, तो त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत. तापीकाठची त्यांची कापसाची आणि केळीची शेती मुलाने हाती घेतली होती. त्यामुळे ते मोकळे होते आणि मोकळेपणा त्यांना सोसत नव्हता. ओट्यावर बसताना ते धोतराचा सोगा हातातच धरून बसत, म्हणजे उठताना वेळ जायला नको. समोरच्याच्या अंगावर कापसाचा तंतू दिसला की तो उचलत आणि मग त्याच्या सोबतचा दुसरा शोधत. कचेरीतला एक कारकून नवा कोट घालून आला होता. आबा तंतू वेचणे थांबवेनात, तेव्हा त्याने शेवटी कोट काढून त्यांच्या हातात दिला आणि सदऱ्यावरच बोलणे पुरे केले. मयताला गेले तरी त्यांचे हेच. एकदा मेलेल्याचा भाऊ स्वतःचे रडणे थांबवून म्हणाला, "आबा, बठा ना जराखं." "बठस, बठस," असे म्हणत आबा तिरडीच्या गाठी ओढून पाहायला गेले.

त्यांना बसवू शकणारे एकच माणूस होते, त्यांची बायको. ती बाई स्वयंपाकघरातून दिवसभर बोलत असे. "हात धवा. पाट ल्या. आते तोंड बंद करा नि जेवा." आबा कुरकुरत आणि ऐकत. एका हिवाळ्यात ती तापाने गेली आणि घरातला आवाज बंद पडला. घरात सून होती, पण त्या घराण्यात सून सासऱ्याशी बोलत नसे. त्याच्या कानावर तिचा शब्द पडणेही वावगे समजले जाई. मूल नव्हते, नाहीतर त्याच्या तोंडून निरोप गेले असते. नवरा दिवसभर शेतावर. तेव्हा सुनेने आवाजांची सोय केली. चिमटा चुलीवर वाजला की चहा, पळी ताटावर वाजली की जेवण, बांगड्या दोनदा वाजल्या की दारात कोणी आले आहे. आबा जेवायला येत. जेवण निम्मे टाकून उठत, कारण बसा म्हणणारे कोणी नव्हते. दोघेही एकमेकांना फार जपत आणि दोघांनाही ते कळवता येत नव्हते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आबांच्या छातीत कळ आली. नंदुरबारच्या डॉक्टरांनी औषध दिले आणि सांगितले की, मन शांत ठेवून रोज घटकाभर निश्चल पडायला शिकला नाहीत, तर हे हृदय फार दिवस साथ देणार नाही. आबांनी हा सल्ला बैलखरेदीसारखा घेतला. बाजारात काय काय मिळते याची त्यांनी पार अक्कलकुव्यापर्यंत चौकशी केली. खापर गावच्या एका व्यापाऱ्याने पायाला तूप चोळायला सांगितले, न्हाव्याने मानेला. सगळी छाननी होऊन शेवटी दोन उपाय उरले. एक नादाचा, दुसरा ध्यानाचा. घेण्याआधी दोन्ही घरी आणून पाहायचे ठरले. "जुपी पाह्याबिगर कोनी बैल लेस का?" त्यांनी मला विचारले.

नादाचा उपाय म्हणजे नवापूरकडच्या डोंगरातून मजुरीला आलेला, तिथल्या कोकणी आदिवासी जमातीतला एक म्हातारा. तो काशाच्या थाळीत मेणाने एक काडी उभी चिकटवी आणि काडीवरून बोटे खाली ओढी. थाळीतून लांब, घुमणारा सूर निघे. भिंतीपलीकडे मलाही पेंग येई. आबांचे डोळे पहिल्याच संध्याकाळी मिटू लागले आणि तिथेच अडचण झाली. ही थाळी देवाच्या कामाला आणि मयताच्या घरी कथा सांगताना वाजवायची. लोक जागे राहावेत म्हणून. म्हाताऱ्याने बोटे थांबवली. "पाटील, हां म्हणा ना! ऐकणारा झोपला तर कथा कोणाला सांगू?" आबा दचकून "हां" म्हणाले. तेव्हापासून दर ओळीला ते हां म्हणू लागले, आणि एखादा हां राहून जाईल या धास्तीने पूर्वीपेक्षा जास्त ताठ बसू लागले.

ध्यानाचा उपाय म्हणजे एक निवृत्त हेडमास्तर. ते शुद्ध मराठीत, संथपणे सांगत. "डोळे मिटा. उजव्या पायाचा अंगठा सैल सोडा. आता आपण नदीकाठी आहात. पाणी संथ वाहत आहे." आबांनी डोळे उघडले. "गुरुजी, पानी कितलं वर उनं?" काठावर त्यांच्या केळी होत्या. गुरुजींनी नदी सोडली आणि हिरव्या शेतात नेले. ते शेत कोणाचे आणि बांध कोणी कोरला, यावर अर्धी बैठक गेली. मग सातपुड्याचे शिखर काढले. "तठे कसाले जावानं? काठीनी होळी तं व्हई गयी," आबा म्हणाले; डोंगरात ते फक्त काठी गावच्या होळीला जात. गुरुजींनी हात जोडले. "आबा, तुम्ही कुठेच जाऊ नका. इथेच बसा." हे मात्र आबांना जमले नाही.

दोन्हींपैकी एक निवडायचे, तर आबा दोन्ही एकदम जुंपून बसले. एका दुपारी ओट्यावर एका बाजूला थाळी, दुसऱ्या बाजूला गुरुजी. गुरुजी म्हणाले, "श्वास सोडा." म्हातारा म्हणाला, "हां म्हणा." आबांनी श्वास सोडावा की हां म्हणावे, या पेचात दोन्ही रोखून धरले आणि उठायला गेले ते छाती धरून ओट्यावर आडवे झाले. मी आवाज ऐकून बाहेर आलो. गुरुजी अजून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगत होते.

तेवढ्यात डोक्यावरचा पदर सावरत सून दारात आली. परक्या पुरुषांसमोर, सासऱ्यासमोर, ती बोलली. "आबा, पडी ऱ्हा. हालू नका." आबा हालले नाहीत. तिने गोळी दिली, उशी सरकवली आणि आत जाता जाता बोलत राहिली, बहुधा थांबायची भीती वाटून. "मी अठेच शे. पानी तापाडी ऱ्हायनू. आते चूल फुकी ऱ्हायनू. आते डाळ निवडी ऱ्हायनू." मी डॉक्टरांना आणायला माणूस धाडून परत आलो, तेव्हा आबांचा श्वास संथ झाला होता. हातातला सोगा सुटून पडला होता. म्हातारा थाळी कापडात गुंडाळत होता. तो गुरुजींना हळूच म्हणाला, "चला मास्तर. आपलं काम नाही हे."

गल्लीत कुजबुज झाली. पण आजाऱ्याशी बोलावे लागते, हे वडीलधाऱ्या बायकांनीही मान्य केले. आबांना चार दिवसांत बरे वाटले, सून पुन्हा चिमटा वाजवू लागली आणि आबा पुन्हा येरझाऱ्या घालू लागले. मग एका दुपारी त्यांच्या छातीत थोडे दुखले. दुसऱ्या दुपारीही. पुढे रोजच. डॉक्टरांना तपासण्यात नवे काही सापडेना. "तुम्हना डॉक्टरले काय समजस? दुपारनं दुखनं शे," आबा मला रागावून म्हणाले. जेवण झाले की ते खाटेवर आडवे होत आणि आतून सुरू होई. आते भांडा घसी ऱ्हायनू. आते मिरच्या वाळत घाली ऱ्हायनू. शेवटी "आते उठा, च्या व्हयना" ऐकल्यावर ते ताजेतवाने उठत. चारचौघांत कोणी सुनेबद्दल छेडले, तर ते कण्हत आणि भिंतीला हात लावत. घराण्याची रीत मोडली असे कोणी म्हणू नये, म्हणून त्या कधी न बसणाऱ्या माणसाने आजारी असल्याचे नाव पत्करले. डॉक्टरांनी सांगितलेली घटकाभर विश्रांती मात्र रोज मिळत होती.

पुढे माझी बदली धुळ्याला झाली. निघण्याच्या दिवशी निरोप घ्यायला गेलो, तर दुपार होती. मला पाहून आबांनी खाटेवरूनच हात वर केला, थांबा म्हणून. आत ती तांदूळ पाखडत होती आणि तसे सांगत होती. मी निरोप न घेताच गाडीकडे गेलो.

पुढच्या वर्षी त्यांचा मुलगा कापसाच्या कामाने धुळ्याला आला, तेव्हा डोके भादरलेले होते. दुपारीच गेले, म्हणाला. तिने सगळी कामे सांगून संपवली, चहा झाला म्हणाली, पुन्हा म्हणाली, पण आबा उठले नाहीत. टोपी घालता घालता तो म्हणाला, "ती अजून इचारस, मी हळू बोलनू का? त्यासले ऐकू नही गयं का?"

तळोद्याला माझ्या खोलीत भिंतीपलीकडून तिचा शब्द न् शब्द ऐकू येत असे. मी त्याला तसे सांगितले आणि घरी गेल्यावर तिलाही सांगायला सांगितले.