रिकाम्या फुलांची भजी

घाटंजीला सासरी आले तेव्हा मला मेथीसुद्धा पेरता येत नव्हती. वडील भुसावळला रेल्वेत. क्वार्टरपुढं फरशी आणि फरशीवर कोळशाची भुकटी, तिथं काय उगवणार? पाचवीतच माझी शाळा सुटली, काही वर्षांनी लग्न झालं. भुसावळहून मूर्तिजापूर, तिथून छोट्या गाडीनं यवतमाळ, पुढं मोटार. एवढ्या लांब माहेरचं कुणी उठून येणार नव्हतं. पहिले महिने मी सारखी धास्तावलेली असे. भाकर फाटेल, घागर फुटेल, कुणी काही बोलेल. रडायचं तेही तोंडात पदर कोंबून.

सासूबाईंना ते कळलं. मी त्यांना मामी म्हणत असे आणि सासऱ्यांना मामाजी. एके दिवशी मामींनी मला हाताला धरून घरामागच्या मोकळ्या जागेत नेलं. तिला तिकडं सांदवाडी म्हणतात.

"घरात बसून कायले रडून राह्यली? आजपासून हे वाडी तुयी. झाडाईसंग बोलत जाय. ते कोनाले सांगत नाहीत."

असं मला कुणी काही दिलं नव्हतं. आजही त्या बाईचं नाव निघालं की माझे हात आपोआप जुळतात.

मी अक्षरशः तिथंच राहायला लागले. कोथिंबिरीला इथं सांबार म्हणतात हे तिथं कळलं. न्हाणीचं पाणी चर खणून वांग्यांकडं कसं वळवायचं, पपईचं रोप बुडाशी पाणी साचलं की का कोलमडतं, मिरचीची पानं का आकसतात, सगळं मी मामींना विचारायची. "तुया कायले-कायलेनं मायं डोकं उठलं," म्हणायच्या, पण सांगायच्या.

त्या साली कोहळ्याचा वेल जोरात होता. आम्ही ज्याला तांबडा भोपळा म्हणतो ते कोहळं. मांडवावर चढून तो गोठ्याच्या छपरापर्यंत गेला. फुलंही ढीगभर. मी पाहिलं, काही फुलांखाली लिंबाएवढी गाठ असते, ती पुढं कोहळं होते. बाकीची नुसतीच लांब देठावर उभी, खाली काही नाही. मला वाटलं, ही रिकामी फुलं वेलाचा जोर फुकट खातात. भुसावळला आमच्या शेजारच्या बंगाली बाई भोपळ्याच्या फुलांची भजी करायच्या. मी रोज सकाळी हाताला लागतील ती सगळी रिकामी फुलं खुडायची आणि बेसनात बुडवून तळायची. मामाजी खूश. "सूनबाईनं भुसावळहून अक्कल आनली," म्हणायचे.

इकडं कोहळी मात्र टिकेनात. गाठ पिवळी पडायची आणि बोट लावताच गळायची. मामी वेलाखाली उभ्या राहून गळालेल्या गाठी पदरात गोळा करायच्या. कोहळं उन्हाळ्यापर्यंत टिकतं, वाडी वाळली की तीच भाजी असते. शेवटी त्या बोलल्याच.

"चार दिवसांत तुयी सावली पडली वेलावर. दुसरं काही नाही."

घरानं बौद्ध धम्म घेतल्याला दोन-तीन वर्षं झाली होती. देव्हारा गेला होता, पण बाईचे चार दिवस काही गेले नव्हते. त्या दिवसांत वेलाजवळ जायचं नाही, हा मामींचा नेम.

मामाजी ओट्यावरून म्हणाले, "सावलीनं कोहळं गळते हे कोनं पाह्यलं?"

"माया सासूनं."

"अनं तिले कोनं सांगतलं?"

"तिच्या सासूनं."

"म्हंजे सांगतलं सगळ्याइनं, पाह्यलं कोनीच नाही."

"तुमी तुमची बिडी ओढा," मामी म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या, "यंदा कोहळं टिकलं नाही तं पुढच्या साली वाडीत पाय नोको टाकू, पोरी. तुया हात वेलाले मानवत नाही."

वाडी गेली तर मी दिवसभर बसायचं कुठं? पण मामाजींचं बोलणं डोक्यातून जाईना. कोणीच पाहिलं नाही, तर आपण पाहावं.

पुढचे चार दिवस आले. मामी दुपारी शेतात निंदायला गेल्या की मी वेलाशी जायची. जुन्या लुगड्याच्या चिंध्या पाच गाठींच्या देठांना बांधल्या, त्यांना रोज हात लावला. दुसऱ्या पाचांना मुद्दाम शिवले नाही. सात-आठ दिवसांनी शिवलेल्यांतल्या चार गळाल्या. न शिवलेल्या पाचही गळाल्या.

म्हणजे सावली नव्हे. मग काय?

वेलाचा शेंडा कुठवर गेलाय ते बघायला मी शिडी लावून गोठ्याच्या छपरावर डोकं काढलं. पानांआड चार कोहळी बसलेली! चांगली डोक्याएवढी. खाली नाही ते इथं काय आहे, म्हणून मी नजर फिरवली. खाली एकही उरली नव्हती ती रिकामी फुलं इथं ढीगभर होती. तिथं माझा हात पोचत नव्हता. एक भुंगा रिकाम्या फुलातून पिवळा होऊन निघाला आणि तसाच गाठीच्या फुलात शिरला.

ती पिवळी भुकटी मी रोज सकाळी बोटांवरून धुऊन टाकत होते.

दुसऱ्या दिवसापासून खुडणं बंद. उलट एक रिकामं फूल घेऊन मी तीन गाठींच्या फुलांत घासलं. तिन्ही गाठी टिकल्या, हिरव्यागार फुगायला लागल्या.

मामी त्या पाहून हसल्या. "पाह्य! या खेपेस तू दूर राह्यली, म्हनून टिकले. मी का खोटं बोलत होती?"

गप्प राहिले असते तर निभावलं असतं. पण मग सावलीचं तेवढं खरं ठरलं असतं आणि दर महिन्याला मी चार दिवस बाहेर.

"मामी, मी दूर नव्हते राहिले. मुद्दाम शिवले."

मी चिंध्यांचं सांगितलं, छपराचं सांगितलं, भुंग्याचं सांगितलं. "कोहळी माझ्यामुळंच गळाली. पण सावलीनं नाही. आपण भजी खाल्ली ना, त्यानं."

"म्हंजे..." मामी खाली बसल्या. "नवरदेव तळून खाल्ले म्हन आपून! अनं मंग नवरीले म्हनतो लेकरू काहून टिकत नाही." त्यांना हसू आवरेना. "सगळ्यात जास्त तं तुया मामाजीनं गिळले."

पण शिवण्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. मी महिनाभर त्यांचा चेहरा वाचत राहिले.

चार दिवस पुन्हा आले. मी गोणपाट टाकून कोपऱ्यात बसले होते. मामी दारात आल्या, रिकामी बादली माझ्यापुढं ठेवली.

"बसून काहून राह्यली? वेल सुकून राह्यला. जाय, पानी टाक."

चुलीपाशी मात्र त्यांनी मला पुढची कितीतरी वर्षं त्या दिवसांत येऊ दिलं नाही. तेही विचारावं असं मनात यायचं. पण त्या दिवशी मी बादली उचलली आणि पळत सुटले.