कमल आणि शेवंताचा कोयता

यंदाच्या हंगामात दोन बायांची जोडीही ऊसतोडीला चालेल, असं आज दुपारी लोहाऱ्यातल्या बैठकीत एका साखर कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं.

मित्रांनो, ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. सहकारी कारखाने वाढले, त्या सत्तर-ऐंशीच्या दशकांपासून हीच पद्धत. त्यामुळं नवरा वारल्यावर कमलला कुणी कामाला घेईना. तिची मैत्रीण शेवंताही विधवा, तिचंही तेच. गरिबीविरुद्ध देशभर काम करणारी आमची संघटना वर्षभर या एकाच मागणीसाठी भांडत होती.

कारखाना तयार झाला, पण टोळीत कुणाला घ्यायचं ते मुकादम ठरवतो. बैठकीला आलेल्या मुकादमानं शंका काढली, "ऊस तोडतील हो, पण मोळ्या ट्रकात कोण चढवणार?"

बहात्तरच्या दुष्काळानंतर ऊसतोडीला लागलेल्या मथुराबाई मागून म्हणाल्या, "आजवर कोण चढवत हुतं रं? तुझी आई डोक्यावर मोळी घिऊन शिडी चढायची, म्या बघितलंय. तुझा बा खाली बिडी वढत बसायचा."

सभागृह हसलं. मुकादमही हसला. "बरं मावशी, घेतो दोघींना."

कमलनं शेजारी बसलेल्या शेवंताच्या पाठीत धपाटा घातला. "ऊठ की आता! लई दिवस घरात बसलीस."

अशा आणखी जोड्या तुमच्या गावात असतील तर कळवा. पुढच्या आठवड्यात बाकीचे मुकादम बोलणी करायला येतायत, आणि मथुराबाई पहिल्या रांगेत बसणार आहेत.