कल्पनाच्या कानावरची दहावी

खापर पेटलं की बायकांची तोंडं सुटतात. हात कोपरापर्यंत कणकेत, समोर लाकडाचा जाळ, आणि शेवटची पंगत उठेपर्यंत जागचं हलायचं नाही. मग किस्से साठतील नाहीतर काय!

आमचा पाचोऱ्याचा तिघींचा गट. मी शोभा, चौथी पास, गटाची मुकादम. लीलाबाई सगळ्यात म्हातारी. आणि कल्पना. जळगाव, धुळे, जिथे लग्न असेल तिथे जाऊन मातीच्या उलट्या खापरावर आम्ही मांडे भाजतो, म्हणजे ती हातभर मोठी पुरणपोळी. आमच्याकडचे निम्मे किस्से कल्पनाच्या कानांचे आहेत.

कल्पनाला नववीत असतानाच उजवली, लग्नाबरोबर शाळा सुटली. तिशीत तिने दहावीचा फॉर्म भरला. धुराने डोळ्यांचं पार वाटोळं झालेलं, दोन ओळी वाचल्या की पाणी. डॉक्टर म्हणाला, जाळ सोडा. सोडून खाणार काय? अंगणवाडीत मदतनीस व्हायचं तर बारावी हवी, बारावीच्या आधी दहावी. "वाचता येत नाही तर ऐकीन," म्हणाली! मोबाइलवर एक मॅडम धडे शिकवतात, ते लावून ही मांडे करायची.

* * *

कानात घालायला पहिलं आणलं ते वायरवालं, स्टेशनबाहेरच्या गाडीवरचं. बोदवडच्या एका लग्नात ती वाकली आणि वायर खापराला टेकली. चर्र! डाव्या कानातली मॅडम गप्प.

मी ओरडले, "फेक ते, भाजशील!"

ही बाई मान तिरकी करून उजव्या कानाने ऐकतच राहिली. "अक्का, अर्धी मॅडम अजून जिवंत शे!"

* * *

मग तिच्या भाच्याने बिनवायरच्या गोळ्या दिल्या, कानात खुपसायच्या. घामाने सटकणारच त्या. नरडाण्याच्या लग्नात एक गोळी गायब! कणिक चाचपली, पदर झटकले. लीलाबाईने पुरणाच्या परातीत हात घातला आणि तिचं तोंड बघण्यासारखं झालं.

"कल्पे, तुन्ही मॅडम पुरणमा शे वं!"

नवरीचा बाप नेमका शेजारी. "काय सापडलं?"

मी म्हटलं, "वेलदोडा. कुटायचा राहिला होता."

अस्सल वेलदोडे घातलेत म्हणून माणूस खूश होऊन गेला! ती परात मी बाजूला काढली, दुसरं पुरण शिजवलं. कल्पनाला म्हटलं, "आता जळगावला जाऊ आणि डोक्यावरून घालायचा मोठा हेडफोन घेऊ. चांगला."

* * *

जळगावच्या बाजारात एका मारवाडी शेठचं दुकान. आमची ऐपत बघून तरी त्याने दाखवावं की नाही? त्याने आधी महागाचाच डबा उघडला, कल्पनाच्या कानावर चढवला आणि ढोल लावला.

"बेस ऐका ताई, बेस!"

कल्पना म्हणाली, "शेठ, मला नाचायचं नाही, पास व्हायचंय. बोलणारी बाई लावा."

मॅडम लावली, तर आवाज विहिरीतून आल्यासारखा! मग साधा, बिनानक्षीचा, आमच्या ऐपतीतला घातला. त्यात शब्द न् शब्द स्वच्छ.

मी तेवढ्यावर भुलणारी नाही. खापर घेताना बोटाने वाजवून बघतो, तसा मी तो हेडफोन टकटक वाजवला. शेठ ओरडला, "मावशी, मडकं नाही ते!"

"मडकं फुटलं तर दुसरं येतं. हे फुटलं तर हिची दहावी बुडते!"

मग अंबाड्यावर बसतो का, पदरावरून घसरतो का, घामाने कानाची गादी कुजली तर बदलून मिळेल का, एकदा चार्ज केला की पूर्ण लग्न निघेल का, सगळं विचारलं. राहिली शेवटची परीक्षा. लीलाबाईला म्हटलं, "गा!"

तिने हळदीचं गाणं असं काढलं की समोरचा कापडवाला बाहेर आला. कल्पनाने डोळे मिटले आणि कानातल्या मॅडमचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

"हाच द्या!"

शेठने तो स्वतः पुसून दिला. म्हणाला, "मावशी, अधूनमधून येत जा. माझ्या माणसांना माल कसा बघायचा ते शिकवा."

* * *

धुळ्याला डीजेच्या शेजारीच आमची चूल. एक वऱ्हाडी गॉगल लावून थेट कल्पनाकडे आला. "ताई, हे गाणं बदला ना, नवरदेवाच्या मित्रांना नाचायचंय!"

कानावर मोठा हेडफोन, मांडा ताणताना दोन्ही हात हवेत. त्याला वाटलं, डीजे हीच चालवते! लीलाबाईने गंमत म्हणून तो हेडफोन काढून त्याच्याच कानावर ठेवला. आत प्रकाशाचं अपवर्तन चालू होतं. दोन मांडे भाजून झाले तरी गडी हलेना!

जाताना म्हणाला, "च्यायला, शाळेत हे कळलंच नव्हतं."

* * *

ऐकून भूमिती कशी येणार, असं मला वाटायचं. कल्पना हातावर मांडा पसरत म्हणायची, "ही त्रिज्या, हा व्यास, ही जीवा."

लीलाबाई विचारायची, "आन् फाटना तर त्याले काय म्हंतस?"

"नापास!"

भीती खरी वेगळीच होती. ऐकून पाठ झालं, पण इतक्या वर्षांत हातात पेन नाही. सही करतानाही बोटं अडखळायची. तोंडावर बोलले मी, "पेपर काय तोंडाने देणारेस? लिही!" तेव्हापासून परातीत कोरडं पीठ पसरायचं, बोटाने उत्तरं लिहायची, आणि मग त्याच पिठाची कणिक मळायची.

त्या सीझनला जळगावच्या वऱ्हाडांनी अख्खा इतिहास खाल्ला!

* * *

निकालाच्या दिवशी आम्ही जळगावलाच होतो, एका लग्नात. कल्पनाने सकाळीच हेडफोन चढवला आणि मांडे टाकायला लागली. निकाल बघायचा मला तरी कुठे धीर होता!

दुपारी तिच्या लेकीचा माझ्या मोबाइलवर फोन. "मावशी, आई फोन उचलेना! आई पास झाली! गणितातसुद्धा!"

मी जागेवरच नाचले. लीलाबाई रडायला लागली. आचारी, वाढपी, नवरीची मावशी, सगळे गोळा झाले, टाळ्या काय, शिट्ट्या काय! कल्पनाला पत्ताच नाही. हातावर मांडा ताणलेला, नजर खापरावर. मी जाऊन तिच्या एका कानावरचा हेडफोन उचलला आणि जीव खाऊन ओरडले, "कल्पे, पास व्हयनी वं तू!"

तिने मांडा खापरावर टाकला, कडा सारख्या केल्या, आणि मग माझ्याकडे बघितलं.

"अक्का, मन्हा हात कणकेमा शेतस. ठेवा परत कानावर. अकरावीचा धडा अर्धा राहिला!"