पाठमोरं ‘व्हय’

पवनचक्कीवर काम करतो म्हटलं की नातेवाइकांचे दोन प्रकार पडतात. एक प्रकार लग्नात मला कोपऱ्यात घेतो आणि सांगतो की घरचा पंखा फार आवाज करतोय, जाता जाता जरा बघून जा. दुसरा प्रकार गावाकडचा. त्यांच्या मते आमचे पंखे ढग पळवून लावतात, त्यामुळे पाऊस कमी झाला की त्याला मी जबाबदार. आधी मी दोघांनाही नीट समजावून सांगायचो. आता पहिल्याला बघतो म्हणतो, दुसऱ्याची माफी मागतो आणि जेवायला बसतो.

मी सोलापुरात राहतो. सकाळी हायवेवर कंपनीची जीप येते, मोहोळ सोडलं की आत वळते आणि बार्शीच्या अंगाला माळावर आम्हाला सोडते. टॉवरच्या पोटात शिडी असते. शिडी संपली की वर बसएवढा एक डबा, त्यात सगळी यंत्रं. कधी कधी डब्याचं झाकण उघडून त्याच्या टपावर जावं लागतं. टपाला कठडा नाही. कमरेच्या पट्ट्याला दोन दोर आणि दोन्हींच्या टोकाला हुक असतात, टपावर जागोजागी लोखंडी कड्या असतात. एक हुक पुढच्या कडीत अडकवायचा, मगच मागचा काढायचा. म्हणजे एक तरी हुक कायम लागलेला असतो. लहान पोरालाही कळेल इतकं हे साधं आहे.

वर एकट्यानं जायचं नाही, जोडीनंच जायचं. माझा जोडीदार अक्कलकोटकडचा. घरी कानडी, बाहेर मराठी, आणि शिडीवर दम लागला की दोन्हींची भेळ. पहिल्या वर्षी टपावर माझे पाय लटलटायचे, तेव्हा त्यानं आमच्या दोघांपुरती एक रीत काढली. हुक अडकवला की अडकवणाऱ्यानं म्हणायचं, “लागला.” दुसऱ्यानं मान वळवायची, आपल्या डोळ्यांनी हुक बघायचा आणि म्हणायचं, “व्हय.” ते व्हय कानावर पडल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. ट्रेनिंगमध्ये आम्हाला पुष्कळ काही शिकवलं होतं, पण माझ्या पायांचं लटलटणं थांबलं ते ह्या व्हयमुळे.

लग्न झालं तेव्हा माझ्या कामाच्या धास्तीनं बायकोचा डोळ्याला डोळा लागत नसे. तिला मी ही रीत सांगितली. “म्हणजे तुमच्याकडं कुणीतरी बघतं,” ती म्हणाली, आणि हळूहळू झोपायला लागली. तेव्हापासून ती माझ्या डब्यात शेंगाची चटणी जास्तीची देते, जोडीदाराच्या वाटणीची. आणि मी दारात बूट घालत असलो की रोज एकच विचारते, “ते बघतात ना नीट?”

आषाढात वारा सुटला की मशिनं थांबवलेली कुणाला चालत नाहीत, म्हणून दुरुस्त्या उन्हाळ्यात उरकाव्या लागतात. सोलापूरचा उन्हाळा मी काय सांगावा. टॉवरच्या आत भट्टी आणि टपावर तवा. त्या दिवशी वाऱ्याचा वेग मोजणारं एक छोटं यंत्र बदलायचं होतं. तो पुढे जाऊन टपाच्या टोकाशी, माझ्याकडे पाठ करून जुने बोल्ट सोडवत होता. मी नवं यंत्र घेऊन मागून झाकणातून वर आलो. मी म्हणालो, “लागला.” तो म्हणाला, “व्हय.” मी एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि माझ्या कमरेशी किणकिण वाजलं.

माझे दोन्ही हुक लोंबकळत एकमेकांवर आपटत होते. एकही कडीत नव्हता.

मी होतो तिथंच पालथा पडलो आणि तापलेल्या पत्र्याला गाल लावून तसाच राहिलो. गाल भाजत होता तरी उचलवत नव्हता. किणकिण ऐकून त्यानं वळून बघितलं. मग आपले हुक बदलत बदलत तो माझ्यापर्यंत आला, माझा हुक हातात घेतला, कडीत अडकवला आणि दोनदा ओढून बघितला. ‘शिवा शिवा’ एवढंच तो पुटपुटला. थोड्या वेळानं आम्ही उरलेलं काम पुरं केलं, कारण अर्धं टाकलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिथंच पुन्हा चढावं लागलं असतं.

साहेबांना कळवायचं नाही हे खाली उतरताना न बोलताच ठरलं. कळवलं असतं तर दोघांचंही वर चढणं बंद झालं असतं, आणि आमच्या ठेकेदाराकडे जमिनीवरचं काम नसतं. चढणं बंद म्हणजे घरी बसणं.

त्यानंतर जीपमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसायला लागला. दुपारी भाकरी खायला बसलो तरी चटणीला हात लावायचा नाही. मला वाटलं माझ्यावर रागावलाय. मग हळूहळू मलाच राग येऊ लागला. चूक झाली, कबूल. पण मेलो असतो तर मी मेलो असतो, ह्यानं एवढं तोंड पाडायचं काय कारण? एका संध्याकाळी मोहोळला जीप चहाला थांबली, तेव्हा तो मला बाजूला घेऊन गेला आणि म्हणाला की महिनाअखेर तो काम सोडतोय. अक्कलकोटला थोरल्या भावाचं किराणा दुकान आहे, तिथं बसणार.

मी चिडलो. माझी एक चूक म्हणून तू काम सोडणार का, असं विचारलं.

“तू इसरलास, ते मानसाचं हाय. चालतंय,” तो म्हणाला. “मी कुटं बघितलं? मी पाठमोरा हुतो की. पाठमोरा ऱ्हाऊन व्हय म्हणलो.”

“एकदा झालं असं,” मी म्हणालो.

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. “एकदा कुटं? मी लई आठवून बघितलं. मी शेवटचं बघून कधी व्हय म्हणलो, तेच मला आठवंना. तूबी आठवून बघ.”

जीप सोलापूरला पोचेपर्यंत मी आठवत होतो. त्याचा हुक मी शेवटचा कधी बघितला? पहिल्या वर्षीचं आठवत होतं, दुसऱ्या वर्षीचंही थोडं. त्यानंतर नुसता आवाज आठवत होता. तो लागला म्हणतोय आणि मी पान्हा फिरवत, घाम पुसत, खालच्या ज्वारीकडे बघत व्हय म्हणतोय. आम्ही दोघंही इतकी वर्षं एकमेकांच्या भरवशावर चाललो होतो आणि भरवसा म्हणून तिथं काही नव्हतंच. त्या रात्री मला ताप भरला. बायकोनं ऊन लागलं म्हणून कांदा कापून तळपायांना चोळला, आणि मी चोळू दिला.

महिनाअखेर तो काम सोडून गेला. नवा जोडीदार आला तो बाहेरगावचा, कामाला चलाख. त्याला मी रीत समजावून सांगितली. दोन-चार दिवस त्यानं मान वळवून इमानानं बघितलं. आता मी लागला म्हणालो की तो ‘ओके’ म्हणतो, आणि मी वळून बघावं तर तो पाठमोरा असतो. त्याला बोलायला माझी जीभ उचलत नाही. कुठल्या तोंडानं बोलू?

मला ह्या कामात आता काही राम वाटत नाही. रोज सकाळी साहेबांचा फोन येतो, सगळे फिट आहात ना, आणि जीपमधले सगळे एका सुरात फिट म्हणतात. त्यात एकाचा गुडघा सुजलेला असतो, एक जण रात्रभर दवाखान्यात बापाजवळ बसलेला असतो, आणि मी शिडीपाशी पट्टा पुन्हा पुन्हा आवळत उभा असतो. मध्यंतरी ठेकेदार बदलला. नवी जाकिटं आली, आत माणसं तीच. दुसरं काम शोधून बघितलं. शिकलो ते हेच, आणि सोलापुरात ह्याला दुसरीकडे कोण विचारतो? शेवटी रोज मरे त्याला कोण रडे. वर गेलो की मी माझा हुक स्वतः ओढून बघतो. पाऊल टाकतो, थांबतो, पुन्हा ओढून बघतो. पूर्वी जे काम दुपारच्या जेवणाआधी व्हायचं त्याला आता दिवस जातो, आणि नवा जोडीदार घड्याळ बघत उभा असतो.

जुना जोडीदार काम सोडून गेलाय हे मी घरी अजून सांगितलेलं नाही. सांगायला गेलो की पहिल्या वर्षी ती रात्र रात्र जागून कूस बदलत राहायची ते आठवतं. ती अजूनही डब्यात दोघांची चटणी भरते. त्याची वाटणी मी नव्या जोडीदाराला देतो, त्याला तिखट सोसत नाही तरी खातो.

आज सकाळीही मी उंबऱ्यात बसून बूट घालत होतो. ती डबा घेऊन मागे आली आणि नेहमीसारखं तिनं विचारलं, “ते बघतात ना नीट?”

मी लेस बांधत होतो. मान वर न करता मी म्हणालो, “व्हय.”