पाठीवरचा हात

खरी गोष्ट माझ्या तोंडून आजवर एकदाही बाहेर पडलेली नाही. खोटी मात्र इतक्या वेळा सांगून झाली आहे — ऑफिसात, सासुरवाडीला, भावाच्या लग्नात जेवता जेवता — की आता सांगताना आठवावंही लागत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. ओळखीच्या माणसाला सांगायची हिंमत माझ्यात नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं.

वैशाली माझी बायको. तिला विमानातून उडी मारायची होती. तिला — मला नाही. कॉलेजात ती एनसीसीत होती, पॅराशूटच्या कॅम्पसाठी तिची निवड झाली होती, आणि वडिलांनी पाठवलं नव्हतं. साताऱ्याहून येऊन तुर्भ्याच्या मार्केटात पोती वाहिलेला माणूस. पोरीचं हाडबिड मोडलं तर लग्न कसं व्हायचं, ही त्यांची काळजी. लग्नानंतर तिने तो विषय पुन्हा काढला तेव्हा आम्ही घणसोली गावात एका खोलीत भाड्याने राहत होतो, आणि तुर्भ्याला कंपनीत जाताना ती ट्रेलरच्या मधून स्कूटर अशी काढायची की मागे बसून मी डोळे मिटून घ्यायचो. हे लक्षात ठेवा. मला तर ते विसरताच येत नाही.

पैसे तिने जमवले. हॉटेल बंद, नवीन कपडे बंद, रविवारचा ओव्हरटाइम चालू. दुसऱ्या राज्यातल्या एका छोट्या धावपट्टीवर स्वस्तातला कॅम्प भरतो, हेही तिनेच शोधलं. एका माणसाचं प्रशिक्षण आणि चारपाच उड्या होतील, एवढं जमलं. मग सगळे विचारायला लागले — एकटी जाणार? सासऱ्यांनी विचारलं, माझ्या आईने विचारलं. आणि खोटं कशाला बोलू, मीही विचारलं. नवरा घरी बसणार आणि बायको विमानातून उड्या मारणार, हे मला सांगायचं कुणाला? म्हणून मीही नाव घातलं. दोघांचं प्रशिक्षण, दोघांचा प्रवास, दोघांचं राहणं — तिच्या चारपाच उड्यांची प्रत्येकी एक उडी झाली. ती हसून म्हणाली, चालेल, सोबत तर होईल. सगळे म्हणाले, नवरा असावा तर असा.

खोलीत गादी टाकून आम्ही जमिनीवर उतरण्याचा सराव करायचो. पाय जुळवून टेबलावरून उडी मारायची आणि कुशीवर लोळायचं. एकदा खालून घरमालकीण वर आली, म्हणाली, "काय गो पोरी, घर पारायचा हाय का माजा?" वैशालीने तिलाच टेबलावर चढायचा आग्रह केला. दोघी हसून हसून गादीवर बसल्या. इतकी ती खुशीत होती.

आता विमानाचं सांगतो. इथवर आलो की मी नेहमी शब्द फिरवतो, आज फिरवणार नाही.

विमान लहान, खुर्च्या काढून टाकलेलं. पायलट, प्रशिक्षक आणि आम्ही दोघं खाली बसलेलो. पॅराशूट आपोआप उघडतं. त्याचा पट्टा विमानातच अडकवलेला असतो. तुम्ही फक्त दारातून बाहेर पडायचं. फक्त. कॅम्पचा शेवटचा दिवस होता आणि वारा वाढायच्या आत आमची फेरी होणार होती. पहिला मी. का? तर मीच म्हणालो होतो — मी आधी जातो, मला बघून तू ये. मोठा आलो मी धीर देणारा.

दार उघडलं. खाली शेतं दिसत होती, ती मला अजून दिसतात. प्रशिक्षक ओरडला, जा. मी दाराची कड धरली. तो पुन्हा ओरडला. तेव्हा माझ्या पाठीवर हात आला — वैशालीचा. ढकललं नाही तिने, धरलं तर मुळीच नाही. नुसता उघडा तळहात, पाठीवर टेकलेला. मी आहे, जा — एवढंच त्यात होतं. आणि मी मागे फिरलो, तिच्या अंगावर पडलो, तिच्या छातीवरचे पट्टे दोन्ही मुठींत गच्च धरले. प्रशिक्षकाला माझ्या मुठी सोडवता येईनात. अशा अडचणीत दुसऱ्याला बाहेर सोडणं धोक्याचं, म्हणून त्याने दार लावून घेतलं. आम्ही सगळे विमानातूनच खाली आलो. तासाभरात वारा वाढला, उड्या थांबल्या, कॅम्प संपला.

घाबरलो, हा माझा गुन्हा नाही. घाबरतात माणसं. गुन्हा त्यानंतरचा आहे.

खाली उतरल्यावर प्रशिक्षकाने विचारलं, "क्या हुआ था?" मी म्हणालो, "इसने पीछे से पकड लिया." आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून आलं — पण आलं ते माझ्याच तोंडातून ना? त्याने आमच्या दोघांकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं असावं असं मला आजही वाटतं. नवरा-बायकोच्या मध्ये कोण पडतो? तो तिला म्हणाला, होता है मॅडम, आणि निघून गेला.

ती चिडली असती तर मी लगेच मान खाली घातली असती. ती चिडली नाही. ती स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. इंजिनाचा आवाज, तो वारा, ती धांदल — त्यात आपल्याच हाताने काय केलं याची माणसाला खात्री राहत नाही. दुपारी सामान भरताना तिने मला हळूच विचारलं, "खरंच धरलं होतं का रे मी?"

त्या क्षणी खोलीत आम्ही दोघंच होतो. कुणाला तोंड दाखवायचं नव्हतं, कुणापुढे नाक कापलं जाणार नव्हतं. नाही, एवढं म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "जोरात."

त्यानंतर तिने स्कूटर चालवणं कमी केलं, मग सोडलं. ट्रेलर बाजूने गेला की हाताचा भरवसा वाटत नाही म्हणाली. "आयत्या वेळी मी काहीतरी करून बसेन," असं ती प्रत्येक बाबतीत म्हणू लागली. कंपनीत बढती आली, ती नको म्हणाली. मी समजूत घालायचो — किती चांगला नवरा. पुन्हा थोडे पैसे साठले तेव्हा म्हणाली, "या वेळी तू एकटाच जा. मी आले तर परत धरेन. माझ्यामुळे तुझी उडी गेली." मी म्हणालो, तुझ्याशिवाय मला जायचंच नाही. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मला काय वाटलं सांगू? सुटलो, असं वाटलं. त्याची किळस नंतर आली.

आता आम्ही उलव्याला राहतो. नव्या विमानतळाची विमानं सोसायटीच्या डोक्यावरून जातात आणि ती मान वर करत नाही. मुलगी विचारते, आई, तू घाबरली होतीस ना? ती हो म्हणते.

यंदा माघी गणपतीत सोसायटीच्या मंडपात बायकांचे खेळ होते. वैशालीच्या हातात माइक दिला, नाव घ्या म्हणाले. तिने आधीच जुळवून ठेवलं होतं. माझ्याकडे बघून, हसत, तिने नाव घेतलं —

"विमानाच्या दारात सुटला माझा धीर,
संदीपरावांनी सांभाळलं मला, तेच खरे वीर."

मंडपात हशा पिकला. शेजारच्या माणसाने माझ्या पाठीवर थाप मारली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मीही वाजवल्या.