पायलटच्या गाडीची चावी

पायलट चांदण्या रात्री जीपचे दिवे बंद करून गाडी चालवायचा. इच्छापूरच्या रस्त्याला लागलो की त्याचा हात हमखास त्या बटणाकडे जायचा आणि माझा समोरच्या दांडीकडे. मी ओरडलो की तो म्हणायचा, "कायले घाबरतो रे? सडकेले माहीत आहे आपण कोन ते." त्याचं खरं नाव गावात त्याच्या आईशिवाय कोणी घेत नसे. विमान त्याने जवळून पाहिलंसुद्धा नव्हतं.

आमची शेतं बहादरपूरला, बांधाला बांध लागून. तेव्हा मोटारीला लाईट यायची रात्री दहानंतर, त्यामुळे केळीला पाणी भरायचं काम आम्हा दोघा तरण्याताठ्यांच्या गळ्यात. मोटार चालू करायची, पाणी वाफ्यात सोडायचं आणि ते शेवटच्या ओळीला पोचेपर्यंत इच्छापूरला जाऊन यायचं, असा पायलटचा अंदाज. अख्ख्या रस्त्यावर एखादी बैलगाडी दिसली तर दिसली. देवीच्या टेकडीखाली पाच मिनिटं थांबायचं, एक बिडी दोघांत ओढायची आणि परत फिरायचं. एवढ्यासाठी कशाला जायचं, हे मी त्याला कधी विचारलं नाही. आज कोणी मला विचारलं तर मलाही धड सांगता येणार नाही.

तो अंदाज बहुतेक वेळा चुकायचा. एकदा परत आलो तर पाणी पाट फोडून त्याच्या केळीतून थेट आमच्या कापसात शिरलेलं, आणि पायलटचे वडील फावडं घेऊन बांधावर उभे.

"दादा, सडकेवर भैस बसेल होती," पायलट गंभीर चेहऱ्याने म्हणाला.

"रोज तीच भैस बसते का रे?" दादांनी विचारलं.

उजाडेपर्यंत आम्ही गुडघाभर चिखलात पाट बांधत होतो. शिव्या खात होतो आणि हसू काही आवरत नव्हतं. इतक्या आनंदात मी नंतर क्वचितच होतो.

आता ठिबक आलं, मोटार मोबाईलवरून चालू होते. रात्री शेतात जायचं कारणच उरलं नाही. रस्ता रुंद झाला आणि त्यावर रात्रभर ट्रकांची रांग असते. पायलटला साखरेने गाठलं, ती डोळ्यांत उतरली, आणि अंधार पडल्यावर गाडीला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं.

गेल्या महिन्यात दिवेलागणीनंतर पायलटच्या घरून वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गाडी घेऊन निघून गेले हो. डॉक्टरनं मना केलं आहे, तुम्हाले माहीत आहे. जरा पहा, अन् चावी काढूनच घ्या. माझं ऐकत नाही ते."

मी स्कूटर काढली. बायपासच्या पुलाखाली त्याची गाडी उभी होती, चारही दिवे लुकलुकत. ट्रक हॉर्न मारत अगदी अंगावरून जात होते. मी काच ठोठावली. त्याने मला चटकन ओळखलं नाही. मग काच खाली करून म्हणाला, "अरे, इच्छापूरची सडक कुठं गेली?"

मी दाखवायला हात वर केला आणि तो तसाच राहिला. वर एक रस्ता, खाली दोन, तिन्हींवर ट्रक. माझा जन्म इथे गेला, पण त्या क्षणी मलाही काही उमगेना.

"चावी दे," मी म्हणालो. वाटलं, आईबहिणीवर येईल. त्याने मुकाट्याने चावी दिली आणि डावीकडच्या सीटवर सरकला. स्कूटर तिथल्या टायरवाल्याकडे लावून मी त्याला घरी आणलं. मला त्याचा भयंकर राग आला होता. का, ते अजून कळलेलं नाही. भांडला असता तर बरं वाटलं असतं, एवढंच कळतं.

आठ दिवसांनी वहिनींचा पुन्हा फोन. "हे जेवले की भिंतीकडे तोंड करून पडतात, भाऊजी. बोलत नाहीत. चावी देऊन टाका ना. चालवणार नाहीत ते, नुसती जवळ राहू द्या."

मी हो म्हणून बसलो. चालवणार नाही कशावरून, हे फोन ठेवल्यावर सुचलं. दिली आणि काही झालं तर? नाही दिली आणि हा असाच विझत गेला तर?

त्या फोनला आता पंधरा दिवस झाले. रोज सकाळी चावी खिशात टाकून निघतो. पायलट ओट्यावर बसलेला असतो. माझ्या स्कूटरचा आवाज ऐकून हात वर करतो. मीही हात वर करतो, आणि पुढे निघून जातो.