संयुक्त तांदळाची पेज

लालबागच्या आमच्या चाळीत मला भात लावायला बंदी आहे. ही बंदी महाराष्ट्र राज्यापेक्षा वयाने थोडी मोठी आहे, आणि राज्यासारखीच ती कायम टिकेल अशी चिन्हं दिसतात.

मी बार्शीची. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली. माहेरच्या घराण्यातली पहिली पदवीधर. पण खरं सांगायचं तर बी.ए. केलं माझ्या मालवणी सासूबाईंनी, परीक्षेला फक्त मी बसले! लग्न झाल्यावर त्यांनी मला चुलीपासून उठवलं आणि पुस्तकापुढे बसवलं. (देशावरची मुलगी कोकणात कशी दिली, हा प्रश्न दोन्हीकडच्या नातेवाइकांनी मांडवातच विचारून घेतला आहे.) सगळी चाळ त्यांना आये म्हणायची, आणि आयेला कुणी अहो-जाहो करत नसे.

चाळीच्या तळमजल्यावर बालवाडी होती. गिरणीत जाणाऱ्या बायका मुलांना तिथे ठेवून जात. मुलांच्या दुपारच्या जेवणाचा तांदूळ बालवाडीचे एक ट्रस्टीसाहेब पाठवत. आमच्या चाळीतल्या बायका संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला गेल्या, घोषणा देऊन घसे बसवून आल्या, आणि दुसऱ्याच दिवशी साहेब दारात हजर!

"मोर्चे तरी काढा, नाहीतर माझा तांदूळ तरी घ्या. दोन्ही चालणार नाही."

आयेनं पदर खोचला. "मोर्चाक आमी जातलंव. तुमचो तांदूळ तुमका लखलाभ!"

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण शिकलेल्या सुनेनंही काही बोलायला हवं, असं मला वाटलं. "सोमवारी दुपारी या, साहेब! एक जरी मूल उपाशी दिसलं, तरी आम्ही पुन्हा मोर्चाला जाणार नाही!"

साहेब हसत निघून गेले. शेजारची मावळातली पारूबाई म्हणाली, "बये, मोर्चा कशाला लावलास पणाला? तुझी डिग्री लावायची हुतीस की!"

मग ठरलं. प्रत्येक घरात भात लावताना एक मूठ तांदूळ आधी बाजूला काढायचा आणि तो बालवाडीला द्यायचा. रविवारी बायका आपापली भांडी घेऊन आल्या. मालवणच्या घरांतून लाल उकडा, पारूबाईकडून माहेरचा आंबेमोहोर, बाकीच्यांचा रेशनचा, ज्याची जात दुकानदारालाही सांगता आली नसती.

"उकडो वेगळो ठेव गो," आये म्हणाली. "तेका शिजाक येळ लागता."

"आये!" मी कळवळून म्हणाले. "आपण कशासाठी भांडतोय? सगळे मराठी एकत्र यावेत म्हणून! आणि तांदळातच भेदभाव?" एवढं बोलून मी सगळा तांदूळ एकाच पिंपात ओतला आणि हातानं ढवळला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आयेनं नाही वाजवल्या.

सोमवारी शेगडीवर मोठं पातेलं चढलं. मी स्वयंपाकाची प्रमुख. (पैज मारणारीनंच निस्तरायचं, असा चाळीचा कायदा!) बघता बघता आंबेमोहोर मऊ झाला, रेशनचा विरघळला. उकडा मात्र अजून खड्यासारखा! मी पाणी घातलं. आंबेमोहोराची खळ झाली. उकडा तसाच. तळाला लागू नये म्हणून आणखी पाणी. पातेलं काठोकाठ भरलं, म्हणून अर्धं दुसऱ्या पातेल्यात काढलं. तेही फुगलं! मग आमची कळशी, पारूबाईचं घंगाळ, कुणाची परात, कुणाची बादली.

तेवढ्यात आमचे हे पहिली पाळी आटपून आले. "झाला का भात?"

"होतोय."

"कुठवर आलाय?"

"जिन्यापर्यंत!"

"आता पानी घालशीत तर हात मोडून ठेवीन," आये कडाडली. तिनं मीठ घातलं, वरून खोबरं भुरभुरलं आणि जाहीर केलं, "ही पेज. आमी पेजच करूक घेतली होती."

नेमके त्याच वेळी साहेब आले. रिकामी पातेली बघायला आलेले साहेब दारातच थबकले. जिन्यावर भांडी, व्हरांड्यात भांडी, आणि प्रत्येक भांडं काठोकाठ भरलेलं! मुलं ओरपत होती. पाळी सुटलेले गिरणीवालेही भिंतीला टेकून ओरपत होते.

"एवढा तांदूळ आणला कुठून?"

"आमच्या मुठीतसून," आये म्हणाली. "बसा. तुमी पण जेवा."

साहेबांनी वाटी घेतली. पहिल्याच घोटाला उकड्याचा दाणा दाताखाली करकन वाजला. सगळ्या बायका त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांनी तो दाणा गिळला, वाटी संपवली, आणि ते निघून गेले. पुढच्या आठवड्यात साहेबांकडून तांदळाचं पोतं आलं. आयेनं ते हमालाच्या डोक्यावरून उतरूच दिलं नाही. "आमची मूठ आसा," एवढंच म्हणाली, आणि आम्ही पुढच्या मोर्चाला गेलो.

यथावकाश राज्य झालं. मालवण, मावळ, बार्शी सगळे एका पिंपात आले आणि बरे नांदताहेत. आमच्या मुठीचा तांदूळ मात्र आजही तीन वेगळ्या डब्यांत जमतो, आणि मी जवळून गेले तरी बायका झाकणं लावून घेतात. मला त्याचं काही नाही. माझं म्हणणं तेव्हाही तेच होतं आणि आजही तेच आहे : विचार बरोबर होता, उकडाच फुटीर निघाला!